म्हशीची पाठ

भिंगरीने साय धरलेलं दूध सायीसकट पिऊन टाकलं, आणि तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही सांगण्यासारखी गोष्ट झाली नसती. लोक साय खातात, आवडीने खातात, वरून साखर भुरभुरून खातात. पण भिंगरीने साय खाणं म्हणजे मांजराने उंदराला बसायला पाट देणं. जिच्यासाठी घरात आजही एक वेगळी गाळणी टांगलेली आहे, ती चौतिशीची बाई काल संध्याकाळी ओट्याला टेकून उभी राहिली, पेला तोंडाला लावला, ओठाला चिकटलेली साय जिभेने आत ओढली आणि पेला विसळून पालथा घातला. चेहऱ्यावर काही नाही. नाकाच्या शेंड्यावर पडणारी ती नेहमीची आठीसुद्धा नाही.

आईला आधी वाटलं, पोरगी आजारी आहे. मग वाटलं, आजारी असती तर एक वेळ बरं.

भिंगरी हे नाव वडिलांनी ठेवलेलं. उशीकडे डोकं करून निजवलेलं बाळ सकाळी पायथ्याशी डोकं करून सापडायचं. कितीही सरळ करा, पुन्हा फिरलेलं. "मूल आहे की भिंगरी," वडील म्हणाले आणि तेच नाव चिकटलं. वडील गेले, नाव राहिलं.

दुसरा गुण म्हणजे किळस. ती कुणाकडून आली ते घरात कुणी कबूल करत नाही. ताटातला केस, दुसऱ्याचा कंगवा, ओलं पायपुसणं, साबणाच्या डबीच्या तळाशी साचलेली बुळबुळ, हे सगळं तिला बघवत नसे. पाहुण्यांनी कौतुकाने गालाचा मुका घेतला की ही त्यांच्या देखत फ्रॉकच्या टोकाने गाल पुसायची आणि आईला तोंड लपवायला जागा उरायची नाही. मोठी होत गेली तशी ही किळस वस्तूंपुरती राहिली नाही. खोटं बोलणारा माणूसही तिला ओल्या पायपुसण्यासारखाच वाटायचा. शाळेत एका मैत्रिणीने दुसरीचं गणित उतरवून पैकीच्या पैकी गुण मिळवले, तेव्हा भिंगरीने तिची वही दोन बोटांत धरून परत केली. "तुझ्या वहीला वास येतोय," म्हणाली. मैत्रीण बिचारी वही हुंगत बसली.

"अगं, इतकी चिकित्सा करून जगात भागत नाही," आई म्हणायची. "चार माणसांत राहायचंय तुला."

"मग त्या चौघांना आधी हात धुवून यायला सांग," भिंगरी म्हणायची.

थोरला, म्हणजे भिंगरीचा भाऊ, तिला चिडवायचा, "तुझं लग्न काही जमत नाही. नवऱ्याचं ताट वेगळं ठेवशील, टॉवेल वेगळा ठेवशील, श्वास कुठे वेगळा ठेवणार?" लग्न झालं नाही ते खरं. भिंगरीच्या मते ते झालं नाही असं नव्हे, तिने केलं नाही. आई, भिंगरी खालच्या मजल्यावर आणि थोरला, त्याची बायको, त्यांची आठ वर्षांची मुलगी वरच्या मजल्यावर, असं ते घर. जिना एकच.

भिंगरीने कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं आणि पुढे नकाशांच्या कार्यालयात लागली. तिचं काम काय, हे शेजारणींना समजावताना आईची सुरुवातीला फार तारांबळ उडायची. दगड फोडते का? नाही. खाणीत जाते का? नाही. मग काय करते? उपग्रहाने वरून काढलेली जमिनीची चित्रं बघते आणि त्यांत जमिनीतल्या भेगा शोधते. उन्हाने तडकलेल्या भेगा नव्हेत. जिथे जमिनीचे दोन मोठाले तुकडे एकमेकांना घासून सरकतात, त्या भेगा. त्यांना भ्रंश म्हणतात. काही भ्रंश मेलेले असतात, काही जिवंत. जिवंत असलेले पुन्हा हलू शकतात, आणि हलले की वर उभं असलेलं काहीच धड राहत नाही.

"पण मेलेला कुठला आणि जिवंत कुठला, हे इतक्या वरून कसं कळतं गं?" आईने विचारलं होतं.

"मेलेल्याच्या कडा झिजतात, आई. ऊनपाऊस खाऊन खाऊन गोल होतात. जिवंत असेल त्याच्या कडा अजून धारदार असतात. आणि ओढे चुगली करतात."

ओढ्यांची चुगली तिने कागद घेऊन दाखवली. डोंगरावरून सरळ उतरणारे ओढे म्हणून तिने कागदावर उभ्या रेघा मारल्या, मग तो आडवा फाडला, खालचा तुकडा बोटभर डावीकडे सरकवला आणि पुन्हा जोडला. प्रत्येक रेघ फाटलेल्या जागी अडखळली, बोटभर डावीकडे गेली आणि मग पुन्हा खाली निघाली. "एक ओढा वळला तर म्हणू, त्याची मर्जी," भिंगरी म्हणाली. "पण ओळीने सगळे एकाच बाजूला, सारखेच वळले, तर त्यांना कुणीतरी ढकललंय."

ती हे सांगायला लागली की आईला ते सगळं आवडायचं. कार्यालय मात्र आवडलं नाही. एकदा विसरलेला डबा द्यायला ती तिथे गेली होती. पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवलेला, त्याच्या कडा ओल धरून काळ्या पडलेल्या. कोंदट हवेत मोज्यांचा वास. बेसिनच्या भोकात चहाचा चोथा अडकलेला आणि त्यावर कुणाचं तरी तुटकं नख. भिंगरीने आपल्या टेबलाभोवती स्वच्छतेची एक अदृश्य रेघ आखून घेतली होती. तिच्या पडद्यावर बोटाचा एक ठसा नव्हता. शेजारी तिचा जोडीदार बसायचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, त्याला सगळे चष्मिष म्हणत. त्यांच्या कामाची रीत अशी की एकच चित्र दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांशी अवाक्षर न बोलता रेघा मारायच्या, आणि मग ताडून बघायचं. दोघांनाही दिसली तीच रेघ ठेवायची. त्यावर साहेबांनी नजर घालायची आणि मग ती छापील नकाशात जायची. तो नकाशा बघून लोक घरं, शाळा, दवाखाने कुठे बांधायचे ते ठरवणार.

साहेबांना कार्यालयात गूळसाहेब म्हणत. प्रत्येक बाईमाणसाला ते 'बेटा' म्हणायचे आणि बोलताना कपाटाच्या किल्लीने कान कोरायचे. मग त्याच किल्लीने पडद्यावर बोट दाखवल्यासारखं दाखवायचे. "साहेबांशी बोललं की हात धुवावे लागतात," चष्मिषने आईला हळूच सांगितलं. "चिकट होतात."

त्या दिवशी भिंगरीने आईला आपल्या धंद्यातली एक गंमत दाखवली. पडद्यावर डोंगर-दऱ्यांचं एक चित्र होतं. "यातली दरी दाखव," ती म्हणाली. आईने बोट ठेवलं. भिंगरीने चित्र उलटं फिरवलं, खाली डोकं वर पाय. त्याच जागी दरीचा डोंगर झाला.

"उपग्रह जातो सकाळी साडेदहाच्या सुमाराला, तेव्हा इथे ऊन आग्नेयेकडून येतं, म्हणजे दक्षिणेच्या अंगाने. नकाशात दक्षिण खाली. म्हणजे उजेड खालून. आणि आपल्या डोळ्याला जन्मभराची सवय, उजेड वरून येतो अशी. मग तो फसतो. खड्डा उंच दिसतो, उंचवटा खोल दिसतो. म्हणून आम्ही आधी चित्र उलटं करतो आणि मगच बघतो."

आईला हसू आलं. पायथ्याशी डोकं करून निजणारी पोर शेवटी आपल्या जागी पोचली होती.

गेल्या हिवाळ्यात भिंगरीला आणि चष्मिषला, वेगवेगळं बसून, एक लांब रेघ दिसली. डोंगराच्या पायथ्यापायथ्याने येत ती गावाच्या कडेपर्यंत आली होती. ओळीने सारे ओढे तिच्यापाशी डावीकडे वळत होते. आणि ओढे संपून सपाट जमीन लागली तिथे ती रेघ एका लांबट, बुटक्या उंचवट्यावरून गेली होती. शेतातला वरंबा असावा तसा, पण चांगला माणसाच्या कमरेइतका आणि एका अंगाने अगदी कापल्यासारखा. दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींना रेटते तेव्हा मधली माती अशी वर येते.

भिंगरीने घरी येऊन ते चित्र दाखवलं. आईला शेवटचा उंचवटा ओळखायला क्षणही लागला नाही.

"ही तर म्हशीची पाठ."

ती होती गावच्या शाळेच्या मैदानात. त्या शाळेत आईने इतिहास शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं घातली होती. थोरला आणि भिंगरी तिथेच शिकले, थोरल्याची मुलगी आता तिथेच जाते. मैदानाच्या एका कडेला तो लांबुळका उंचवटा होता आणि बसलेल्या म्हशीसारखा दिसतो म्हणून पोरांनी त्याचं नाव म्हशीची पाठ ठेवलं होतं. खेळांच्या स्पर्धा असल्या की सगळी शाळा त्या पाठीवर ओळीने बसायची, शिक्षिका वर छत्र्या उघडून. कुणी कुणी त्यावर रुसून बसायचं, कुणी गडगडत खाली यायचं. तो कुणी बांधला, असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. मैदान करताना उरलेली माती टाकली असेल, इतकंच आई समजत होती.

"जिवंत आहे?" आईने विचारलं.

"ही कड बघ," भिंगरी म्हणाली. "अजून खपली धरायची आहे."

आणि शाळेची नवी इमारत नेमकी तिथे व्हायची होती. उंचवटा सपाट करून त्यावर. ते काम ज्या ठेकेदाराने घेतलं होतं, त्याच्याकडे थोरला इंजिनिअर होता.

यावरचा उपाय काही अवघड नव्हता. इमारत मैदानाच्या दुसऱ्या कडेला हलवली की झालं. भिंगरी तेवढंच मागत होती. पण ते मागायचं तर आधी नकाशात रेघ हवी.

गूळसाहेबांनी तपासायला कागदी प्रत घेतली. चष्मा कपाळावर, किल्ली कानात, उत्तर बाजू वर. त्यांना उंचवट्याच्या जागी एक लांब चर दिसला. त्यांनी पेन्सिलीने शेजारी लिहिलं, 'जुना कालवा'. माणसाने खणलेली गोष्ट भ्रंश नसते, त्यामुळे रेघ बाद.

भिंगरीने तो कागद त्यांच्यासमोर गर्रकन फिरवला. "आता बघा सर."

साहेब बघत राहिले. मग मोठ्याने हसले. "अरेच्चा. पाठ वर आली की. इतकी वर्षं झाली बेटा, पण डोळा फसवायचा तो फसवतोच."

त्या दिवशी भिंगरी घरी हसतच आली होती. अशी चूक त्यांच्यापैकी कुणाकडूनही होते, तिच्याकडूनही झालेली आहे. चूक तिला कधी ओंगळ वाटली नाही. रात्री जेवताना तिने साहेबांची नक्कल करून दाखवली, चमचा कानाशी धरून. सून आणि नात हसून लोटपोट झाल्या. थोरला हसला नाही. "कुठे आहे म्हणालीस हा उंचवटा?" त्याने विचारलं.

महिनाभराने नकाशाची शाईतली प्रत आली. कालवा तिथेच होता. आता तो निळा होता, आणि त्यात पाणी कुठून कुठे वाहतं ते दाखवणारा एक बाणही होता.

"सर, हा निळा कुणी केला?"

"बेटा, कालवा म्हटलं काय आणि भ्रंश म्हटलं काय. जमिनीला आपलं नाव कळतं का?"

"मग तिथे आडवा चर खणून बघू या. आतले मातीचे थर तुटलेले असतील तर दिसतील. नसतील तर मी माझी रेघ खोडते."

"शाळेच्या मैदानात चर?" गूळसाहेबांनी जीभ चावली. "लहान मुलं पडतील गं त्यात."

हे वाक्य भिंगरीने घरी येऊन सांगितलं आणि सरळ बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. एकदा धुतलं, पुन्हा धुतलं. आईने तिच्या हातात कोरडा टॉवेल दिला. पण आई ती आई, तिच्या तोंडून आधी नोकरीच आली. "वरिष्ठांशी वाकडं घेऊन कसं चालेल? तू सांगितलंस ना, तुझं काम झालं."

"माझं काम सांगायचं नाही, आई. दाखवायचं आहे. आणि छापलं नाही ते बाहेर दाखवायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे."

रविवारी जेवताना थोरल्याने विषय काढला. भिंगरीकडे न बघता, आईकडे बघून.

"हिला सांग, एका रेघेसाठी सगळ्यांच्या पानात माती कालवू नकोस. इमारतीचे आराखडे पास झालेत, पायाची आखणी झालीय."

"तुझ्या आखणीत कालवा बुजवायचं काम धरलंयस?" भिंगरीने विचारलं.

"म्हणजे?"

"कालवा आहे ना तिथे. बुजवावा लागेल. किती माती लागेल?"

थोरला घास चावत राहिला. तिथे बुजवण्यासारखं काही नव्हतं. तिथे होती ती माती काढायची होती. त्याने स्वतः तिथे उभं राहून मापं घेतली होती.

"तू त्याच पाठीवर बसून नाक कोरायचास," भिंगरी म्हणाली. "बोट पुसायला गवत लागायचं म्हणून."

नात खुदकन हसली. थोरल्याने तिला डोळ्यांनी दाबलं. "कागदावर कालवा आहे म्हणजे कालवा आहे," तो म्हणाला. "आणि आपल्या जन्मात कधी हललीय का ती जमीन? आजोबांच्या जन्मात?"

"जमिनीला आपला जन्म म्हणजे जांभई, दादा."

त्यानंतर दोघांचं बोलणं संपलं. जिन्यात समोरासमोर आले की एकजण भिंतीला चिकटून दुसऱ्याला वाट द्यायचा, परक्याला देतात तशी. कार्यालयातही भिंगरीचं टेबल हललं. आता ते बेसिनशेजारी आलं. ती बोलायची नाही, पण पदराला डाग पडला तर पाणी शोधत धावणारी मुलगी तोच कपडा दुसऱ्या दिवशी घालून जायला लागली. वहीला वास येतोय म्हणणारीला आता कशाचा वास येत नव्हता.

आणि काल संध्याकाळी थोरला गूळसाहेबांना घेऊन खाली आईकडेच आला.

"म्हटलं, आमच्या लेकीची आई बघावी," साहेब सोफ्यावर पसरत म्हणाले. "रत्न आहे रत्न. फक्त जरा तापट. होतं असं हुशार मुलांचं." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं तेव्हा दोन बोटं कपात घालून लगदा बाहेर काढला आणि चाटून घेतला. बोटं सोफ्याच्या हाताला पुसली. आईने तो सोफ्याचा हात बघितला आणि मग थोरल्याकडे बघितलं. थोरला त्यांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवत होता.

पिशवीतून नकाशाची प्रत निघाली. पहिल्या बघणाऱ्याची सही, दुसऱ्या बघणाऱ्याची सही, अशा दोन जागा कोऱ्या होत्या. "उद्या येताना घेऊन ये, बेटा. घाई नाही. म्हणजे उद्यापर्यंत घाई नाही." ते स्वतःच हसले.

आईने नकाशा जवळ ओढला. निळी रेघ शाळेच्या मैदानातून गेली होती, बाणासकट.

"साहेब, हा कालवा म्हणता, पण आमची पोरं यावर बसायची."

"कोरडा पडला असेल."

"खाली नव्हे, वर बसायची. उंचावर. मीही बसलेय, छत्री घेऊन. कालव्यावर छत्री उघडून कसं बसतात?"

गूळसाहेबांनी किल्ली काढली, कानात घातली आणि तिच्याकडे फार मायेने बघितलं. "आई," ते म्हणाले, "नकाशा वरून बघायचा असतो. बसून नव्हे."

थोरला हसला. आपल्या पोटच्या पोराला असं हसताना आईने कधी पाहिलं नव्हतं. कुणाच्या तरी पायाशी बसून हसल्यासारखं. तिला त्या हसण्याची इतकी शिसारी आली की ती ट्रे उचलायच्या निमित्ताने आत गेली आणि तो कप तिने धुतला नाही. सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. चांगला सहाच्या संचातला कप होता.

ते दोघे गेल्यावर भिंगरी स्वयंपाकघरात आली. तिने दुधाचा पेला घेतला, आणि पुढचं सांगून झालंच आहे.

"करणार आहेस सही?" आईने विचारलं.

"कंटाळा आलाय, आई," भिंगरी म्हणाली. "करून टाकीन. सगळं सारखंच लागतं आता."

हे वाक्य आईला पाठीवर कुणीतरी ओला हात ठेवावा तसं लागलं. जन्मभर जिला ती सांगत आली, इतकी किळस बरी नव्हे, तिची किळस संपली होती. घाणीतून सुटायचा एक रस्ता असतो की तिचा वास येणं बंद व्हावं. त्या रस्त्याने गेलेली माणसं आईने पाहिली होती. त्यांतला एक आत्ताच सोफ्यावर बसून गेला होता आणि दुसरा तिनेच जन्माला घातला होता.

सकाळी आई सोफ्याचा हात साबणाच्या पाण्याने पुसत असताना सून वरून खाली आली. हातात नातीच्या गणवेशांचा गठ्ठा होता, नीट घडी घातलेला.

"आई, तुमच्या कामवाल्या बाईंच्या मुलीला होतील का हे? पुढच्या वर्षी आपल्याला लागायचे नाहीत."

"का? वाढली का इतकी?"

"नाही हो. तिची शाळा बदलतोय ना. नदीपलीकडच्या शाळेत नाव घातलंय." सून बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, हे खाली माहीत नाही. "यांनीच ठरवलं. म्हणाले, तिकडची हवा चांगली आहे."

"कधी ठरवलं?"

"झाला महिना. तुम्हाला बोलले नाहीत का?" सुनेने गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि जिन्याकडे वळली. जाता जाता म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांना. म्हटलं, ताई म्हणतात ते खरं आहे का? म्हणाले, खरं-खोटं देव जाणे, आपण आपलं बघावं."

आई त्या गणवेशांकडे बघत राहिली. थोरल्याला कालवा कधी दिसलाच नव्हता. त्याला रेघ दिसत होती, भिंगरीइतकीच स्पष्ट. त्याने तिच्यावरून आपली मुलगी उचलून घेतली होती आणि बाकीची पोरं तशीच बसू दिली होती, ओळीने, पाठीवर.

भिंगरी कार्यालयात जायला तयार होऊन आली. खांद्याला पिशवी, पिशवीत तो नकाशा.

"केलीस सही?"

"तिथे जाऊन करीन. इथे पेन सापडत नव्हतं."

"दादाने पोरीची शाळा बदललीय," आई म्हणाली. "महिन्यापूर्वी."

भिंगरी गणवेशांपाशी आली. वरच्या शर्टाची कॉलर तिने दोन बोटांत धरली, लहानपणी ती वही धरली होती तशी, आणि सोडून दिली. मग तिच्या नाकाच्या शेंड्यावर ती आठी आली. आईने ती आठी पाहिली आणि तिला पोरीच्या कपाळावरून हात फिरवावासा वाटला, ताप उतरल्यावर फिरवतात तसा.

"काल मी साय प्यायले का?" भिंगरीने विचारलं.

"प्यायलीस."

"ईई." तिने हाताच्या पालथ्या बाजूने ओठ पुसले. "मी सही करत नाही. पण त्याने काय होणार? माझ्या जागी तिसऱ्याला बसवतील. चष्मिष नाही म्हणाला तर चौथ्याला. पायाचं काम सोमवारी सुरू होतंय. आणि मला बाहेर बोलता येत नाही."

"तुला येत नाही," आई म्हणाली.

भिंगरीने तिच्याकडे बघितलं. आईने दुसरीकडे बघितलं. "जा तू, उशीर होतोय. आणि तिथल्या बेसिनवर हात धुऊ नकोस, घरी येऊन धू."

दार लागल्यावर आई टेलिफोनपाशी बसली. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई तिच्या हाताखाली लागलेल्या, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांत लहान, म्हणून अजूनही ती त्यांना धाकट्या बाई म्हणायची. इमारतीचा शेवटचा शब्द त्यांचा होता. त्या थांबा म्हणाल्या तर सोमवारी कुदळ पडणार नव्हती. स्पर्धांच्या दिवशी या दोघी एकाच छत्रीत बसायच्या, आणि धाकट्या बाईंची साडी गवताने हिरवी झाली म्हणून एकदा त्यांनी दिवसभर कुरकुर केली होती.

फोन केला तर थोरल्याचं काय होईल, ते आईला दिसत होतं. भिंगरीवरही संशय येईल, छापलं नाही ते घरून फुटलं म्हणतील. जिना एकच होता आणि त्यावरून सगळ्यांनाच चढायचं-उतरायचं होतं. पण भिंगरीचा कागद, भिंगरीची रेघ, यातलं काही तिला सांगायचंच नव्हतं. तिला फक्त आपल्या आठवणीतलं विचारायचं होतं. धाकट्या बाई, तुमची ती साडी हिरवी झाली होती, तेव्हा आपण कालव्यात बसलो होतो की कशावर? आणि नवी इमारत नेमकी तिथेच घ्यायची कुणी ठरवलं, ते जरा मला सांगाल? आणि कुदळ मारण्याआधी तिथे एक आडवा चर खणून आत काय आहे ते बघून घ्याल?

शाळेची घंटा व्हायला थोडा वेळ होता. या वेळी धाकट्या बाई टेबलाशीच असतात. आईने साबणाचा हात पदराला पुसला, घसा साफ केला आणि फोन उचलला.